आडात आहे तेच पोहऱ्यात

पाणी गाळून घ्यावे, उकळून घ्यावे आणि गढूळ असेल तर त्यात तुरटी फिरवावी, हे तीन नियम आपल्या आयाआज्यांनी आपल्याला घालून दिले. ते चुकीचे होते असे कोणी म्हणणार नाही. नारूसारखा किळसवाणा रोग आपल्या देशातून गेला, त्यात पाणी फडक्याने गाळण्याच्या साध्या सवयीचा आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करण्याचा वाटा फार मोठा आहे. १९९६ साली नारूचा शेवटचा रोगी आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर झाले. पटकी, हगवण, विषमज्वर यांचे जंतूही उकळत्या पाण्यापुढे टिकत नाहीत. परंतु विहिरीच्या पाण्यात एक पदार्थ असा उतरतो की तो फडक्यातून पार निघून जातो, तुरटीला जुमानत नाही आणि उकळल्याने कमी होण्याऐवजी वाढतो. त्याला रंग नाही आणि वास नाही. या पदार्थाचे नाव नायट्रेट. त्याचा इतिहास लांबलचक आहे आणि तो बराचसा गोठ्यातून, परसातून आणि बाळंतिणीच्या खोलीतून गेलेला आहे. म्हणून तो आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत सांगावा असे वाटले.

शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. जुन्या गोठ्याच्या भिंतीवर, जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत, पांढरी भुकटी फुटलेली आपल्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिली असेल. झाडून काढली तरी चार दिवसांनी ती पुन्हा दिसू लागते. त्या खारात इतर क्षारांबरोबर सोराही असतो. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. बंदुकीच्या दारूत वजनाने सुमारे तीन चतुर्थांश भाग सोऱ्याचा, उरलेला कोळसा आणि गंधक. म्हणजे ज्या राजाजवळ सोरा नाही त्याच्या तोफा नुसत्या शोभेच्या! बिहारमध्ये पाटण्याच्या आसपास नोनिया नावाच्या जातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या हा सोरा काढीत असत, आणि सतराव्या शतकापासून डच व इंग्रज व्यापारी तो जहाजे भरभरून युरोपात नेत असत. युरोपातल्या कितीतरी लढाया बिहारी मातीच्या जोरावर लढल्या गेल्या, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ही माती कोठली असे? गुरे बांधण्याच्या जागेची, पडक्या घरांची, गावाच्या कडेला जेथे सांडपाणी आणि मलमूत्र मुरते तेथली. नोनिया ती खरवडून गोळा करी, मडक्यात किंवा खड्ड्यात भरून तिच्यावर पाणी सोडी, पाझरून आलेले पाणी लाकडाच्या राखेशी मिसळी आणि मग ते कढईत घालून आटवी. पाणी उडून जाई, सोरा खाली राही. गार झाला की त्याचे लांबट स्फटिक धरत. आपला हा भाग पूर्वी जंजिरा संस्थानात मोडत असे. १९४८ साली ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. मुरुडच्या जलदुर्गावरची कलालबांगडी तोफ आपण सहलीला जाऊन कौतुकाने पाहतो. तिच्यात जी दारू ठासली गेली असेल तिचा मोठा भाग कोठल्या ना कोठल्या गोठ्याच्या मातीतूनच आलेला असणार.

या जुन्या धंद्याची हकीकत एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण आहे. पाणी आटवले म्हणून नोनियाला सोरा मिळाला. आपण बाळासाठी म्हणून पाणी चुलीवर ठेवतो आणि चांगले निम्मे होईपर्यंत आटवतो, तेव्हा न कळत तोच धंदा करीत असतो. एक लिटर पाण्यात ४० मिलिग्रॅम नायट्रेट असेल आणि ते पाणी अर्धा लिटर उरेपर्यंत आटवले, तर उरलेल्या पाण्यात लिटरला ८० मिलिग्रॅमचे प्रमाण होते. जंतू मेले हे खरे, पण नायट्रेट दुपटीने वाढले हेही तितकेच खरे.

आता शेणामुताचे नायट्रेट होते कसे? हे कोडे उलगडले १८७७ साली. श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी एका लांब नळीत वाळू भरून तीतून गटाराचे पाणी हळूहळू पाझरविले. आरंभी काही दिवस तसेच गेले आणि मग खालून येणाऱ्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तेव्हा नायट्रेट होणे बंद पडले. क्लोरोफॉर्मने गुंगी येते ती सजीवाला. तेव्हा हे काम मातीतले कोणी सूक्ष्म जीव करीत असले पाहिजेत, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि तो बरोबर ठरला. पुढे विनोग्रॅड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जीव वेगळे काढून दाखविले. मलमूत्रातले आणि खतातले नत्र प्रथम अमोनिया होते, अमोनियाचे नायट्राइट होते आणि नायट्राइटचे नायट्रेट. हेच नायट्रेट पिकाचे अन्न होय. म्हणून शेणखत घातलेले भात काळेभोर दिसते. पिकाने उचलले तितके सार्थकी लागले. उरलेल्याला मात्र माती धरून ठेवीत नाही. पावसाच्या पाण्याबरोबर ते सरळ खाली उतरते आणि झऱ्याच्या वाटेने विहिरीत येते.

लंडनमध्ये एडवर्ड फ्रँकलंड नावाचा रसायनशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकात पिण्याच्या पाण्याच्या तपासण्या करीत असे. विहिरीतल्या नायट्रेटवरून या पाण्यात पूर्वी किती घाण मुरली असावी याचा तो हिशेब मांडी आणि त्याला ‘पूर्वीची घाण’ अशाच अर्थाचे नाव देई. मला ही कल्पना फार आवडते. घाण दिसेनाशी होते, तिचा वास जातो, जंतूही मरून जातात, पण तिची नोंद पाण्यात राहते. विहीर विसरत नाही!

आणि ही नोंद जिभेला लागत नाही, ही खरी पंचाईत आहे. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्याने पटकीची मोठी साथ उठली. डॉक्टर जॉन स्नो यांनी घरोघर फिरून ती कशी शोधून काढली, ही गोष्ट आपल्यापैकी काहींनी शाळेत वाचली असेल. त्या गोष्टीतली एक वृद्ध विधवा माझ्या मनातून जात नाही. ती पूर्वी त्या वस्तीत राहत असे. पुढे दूर हॅम्पस्टेडला राहावयास गेली तरी त्या पंपाच्या पाण्याची गोडी तिला विसरवेना, म्हणून ती गाडीवरून बाटली भरून ते मुद्दाम मागवी. तिला त्या गोडीनेच नेले. पटकीचा जंतू निराळा आणि नायट्रेट निराळे हे उघड आहे. परंतु ‘आमच्या विहिरीचे पाणी अमृतासारखे गोड आहे हो’, असे कोणी अभिमानाने सांगू लागले की मला हॅम्पस्टेडची बाई आठवते.

पाण्यातले नायट्रेट तान्ह्या बाळाचा जीव घेऊ शकते, ही गोष्ट मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणाच्या नीट ध्यानात आली नव्हती. ती प्रथम स्पष्टपणे मांडली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातील डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी, १९४५ साली. आयोवा हा शेतीचा आणि गुराढोरांचा प्रांत. तेथल्या शेतघरांतून निळसर पडलेली तान्ही मुले दवाखान्यात येत. ओठ निळे, नखे निळी, कातडीला राखेसारखी कळा. बाळ निळे दिसले की हृदयात जन्मजात दोष असेल असे डॉक्टर धरून चालत. पण या मुलांच्या हृदयात दोष सापडत नसे. शिवाय त्या वर्षांतल्या अशा मुलांच्या हकीकतींत एक चमत्कारिक गोष्ट पुन्हापुन्हा येते. दवाखान्यात ठेवले की बाळ चार दिवसांत गुलाबी होई आणि घरी नेले की पुन्हा निळे पडे. औषधाचा काही संबंध नाही, बदलली होती ती केवळ दूध कालविण्याच्या पाण्याची जागा. कॉम्लींनी घरच्या विहिरींचे पाणी तपासून घेतले, तेव्हा त्यात नायट्रेट फार मोठ्या प्रमाणात निघाले. बाळे अंगावर पीत नव्हती. त्यांना वरचे दूध विहिरीच्या पाण्यात, आणि तेही बहुधा चांगले उकळलेल्या पाण्यात, करून दिले जात होते. आईने काळजीने केले तेच बाधले.

एकदा वाट सापडल्यावर दुसरीकडचे डॉक्टर जुन्या नोंदी चाळू लागले. मिनेसोटा या शेजारच्या राज्यात १९४७ ते १९४९ या काळातली १३९ बाळे मोजली गेली, त्यांतली १४ दगावली होती. १९५१ साली वॉल्टन या संशोधकाने अमेरिकेतल्या सर्व प्रांतांतून माहिती मागवून एकंदर २७८ बाळांची यादी केली, तीत ३९ मृत्यू होते. त्या विहिरींचे वर्णन वाचले म्हणजे परक्या मुलखातली आहे असे वाटतच नाही. हाताने खणलेली, फारशी खोल नसलेली, कठडा धड नसलेली, गोठ्याच्या किंवा संडासाच्या उताराला असलेली विहीर! रासायनिक खते तेव्हा त्या शेतांवर आजच्यासारखी पडत नव्हती. दोष मुख्यतः घराभोवतीच्या शेणामुताचा होता.

वॉल्टनच्या यादीतून आणखी एक गोष्ट निघाली. ज्या पाण्यात नायट्रेटच्या रूपातले नत्र लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा कमी होते, तेथे एकही बाळ निळे पडल्याचे आढळले नाही. दहा मिलिग्रॅम नत्र म्हणजे सुमारे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट. आपल्या भारतीय मानक संस्थेने पिण्याच्या पाण्यासाठी घालून दिलेली नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅमच आहे. इतर कित्येक क्षारांच्या बाबतीत ‘दुसरे पाणी मिळत नसेल तर इतक्यापर्यंत चालेल’ अशी सूट मानकात दिलेली असते. नायट्रेटला ती सूट नाही. जागतिक आरोग्य संघटना ५० मिलिग्रॅम धरते. हे आकडे कोणा कारकुनाने टेबलाशी बसून ठरविलेले नाहीत, त्यांच्यामागे ती निळी मुले आहेत.

बाळालाच हे का बाधते आणि आपल्याला का नाही, असा प्रश्न सहज पडेल. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. नायट्रेटचे पोटात नायट्राइट झाले आणि ते रक्तात शिरले म्हणजे हिमोग्लोबिनचे रूप असे पालटते की त्याला प्राणवायू वाहता येत नाही. त्या रूपाला मेथेमोग्लोबिन म्हणतात. रक्त चॉकलेटी दिसू लागते, आणि म्हणून बाळ निळे. मोठ्या माणसाच्या रक्तात हे बिघडलेले हिमोग्लोबिन पुन्हा ताळ्यावर आणणारे द्रव्य भरपूर असते. तीन-चार महिन्यांच्या बाळात ते निम्म्याच्या आसपास असते. बाळाच्या जठरातील आम्ल सौम्य असल्याने नायट्रेटचे नायट्राइट करणाऱ्या जंतूंना तेथे फावते. त्यात पाण्याचे प्रमाण पाहा. साठ किलो वजनाची बाई दिवसाला दोन लिटर पाणी पिते. वरच्या दुधावरचे चार किलोचे बाळ सहाशे मिलिलिटरच्या आसपास घेते. वजनाच्या मानाने हिशेब केला तर बाळ आपल्या चौपटीहून अधिक पाणी पिते. एकदशांश हिमोग्लोबिन बिघडले की निळेपणा दिसू लागतो, निम्म्याच्या वर गेले की जिवावर बेतते. वेळेवर ओळखले तर मिथिलीन ब्लू नावाच्या औषधाची सुई देऊन बाळ वाचविता येते. मात्र ओळखावे लागते. बाळ निळे पडले की दृष्ट काढीत बसण्याचा काळ गेला, असे आपण म्हणतो. तो सगळ्या घरांतून गेला आहे का, हे ज्याचे त्याने पाहावे.

आईच्या दुधात मात्र हे नायट्रेट फारसे उतरत नाही. आई त्याच विहिरीचे पाणी पीत असली तरी अंगावर पिणारे बाळ बव्हंशी सुरक्षित राहते. पहिले सहा महिने अंगावरचेच दूध द्यावे, वरचे पाणीसुद्धा देऊ नये, असे आरोग्यसेविका आणि आशाताई कानीकपाळी ओरडून सांगतात, त्यामागच्या अनेक कारणांपैकी हेही एक आहे. उन्हाळ्यात ‘बाळाचा घसा सुकतो’ म्हणून दोन चमचे पाणी देणाऱ्या आणि सहाणेवर उगाळलेली गुटी पाण्यात देणाऱ्या आज्यांना हे प्रेमाने समजावून सांगितले पाहिजे.

सर्व शास्त्रज्ञांचे यावर एकमत आहे असे मात्र समजू नये. पुढे काहींनी असा आक्षेप घेतला की त्या विहिरींचे पाणी जंतूंनीही भरलेले होते, बाळांना जुलाब होत असत आणि आतड्याच्या दाहामुळेही शरीरात नायट्राइट तयार होते. तेव्हा सगळा दोष एकट्या नायट्रेटवर टाकता येणार नाही. आक्षेपात तथ्य आहे. परंतु आपल्या दृष्टीने पाहता विहिरीत शेणामुताचे पाणी उतरत असेल तर जंतू आणि नायट्रेट एकाच वाटेने येतात. मोठ्या माणसांच्या बाबतीत कर्करोगाचा संशय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली, पोटात ज्या परिस्थितीत नायट्रेट-नायट्राइटपासून घातक संयुगे बनतात त्या परिस्थितीत ते ‘बहुधा कर्करोगकारक’ होत, असा निर्वाळा दिला. पालेभाजीतही नायट्रेट असते, पण तिच्यात क जीवनसत्त्वही असते आणि ते या संयुगांना आडकाठी करते. तेव्हा माठ, पालक टाकून देण्याचे कारण नाही.

आता आपल्या राज्याकडे वळू. जर्मनीत हाबर यांनी हवेतल्या नत्रापासून अमोनिया करण्याची युक्ती १९०९ साली साधली आणि १९१३ मध्ये त्याचा कारखाना निघाला. आपल्याकडे सिंद्रीचा सरकारी खत कारखाना १९५१ साली सुरू झाला, नंतर तुर्भ्याचा, आणि १९८५ साली आपल्याच जिल्ह्यात अलिबागजवळ थळ येथे युरियाचा प्रचंड कारखाना उभा राहिला. या खतांनी देशाची उपासमार टाळली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. खतावर तोंडसुख घेणे सोपे आहे, खताशिवाय पन्नास माणसांच्या पंगतीला भात पुरविणे कठीण! पण गोणी उसवून युरिया मुठीने फेकला आणि दुसऱ्या दिवशी मोठी सर आली, तर तो पिकाला कमी आणि विहिरीला जास्त मिळतो.

केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा अहवाल याविषयी बोलका आहे. देशभरातल्या पंधरा हजारांहून अधिक नमुन्यांपैकी जवळजवळ पाचव्या हिश्श्यात नायट्रेट ४५ च्या वर निघाले. मर्यादा ओलांडलेले पाणी २०१७ साली ३५९ जिल्ह्यांत सापडले होते, २०२३ साली ते ४४० जिल्ह्यांत सापडले. महाराष्ट्रात शंभरातले सुमारे ३६ नमुने मर्यादेबाहेरचे होते. सर्वाधिक त्रासाचे म्हणून जे पंधरा जिल्हे निवडले गेले त्यांतले सात आपल्या राज्यातले आहेत. वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव. ज्या मुली लग्न होऊन तिकडे गेल्या असतील त्यांना हे अवश्य कळवावे.

या पंधरात कोकणातला एकही जिल्हा नाही. आपल्याकडे पाऊस इतका कोसळतो की विहिरी दरवर्षी जणू धुऊन निघतात, हे आपले भाग्य. पण त्यावर विसंबून किती राहावे? आपल्या विहिरी खोल नाहीत. डोंगराच्या बाजूला जांभा दगड, त्याला भोकेच भोके. दिवेआगरच्या बाजूला वाळू, तीतून पाणी गाळणीतून जावे तसे खाली जाते. एक हिशेब करून पाहा. दहा फूट रुंदीची गोल विहीर आहे आणि तीत तेरा फूट पाणी आहे. ते सुमारे एकोणतीस हजार लिटर झाले. एवढे सगळे पाणी ४५ च्या मर्यादेला न्यावयास तीनशे ग्रॅमच्या आसपास नत्र पुरते. एवढे नत्र साधारण साडेसहाशे ग्रॅम युरियात असते. आणि एका माणसाच्या महिना-दीड महिन्याच्या लघवीतही तितकेच असते! अर्थात सगळेच नत्र विहिरीत जात नाही, आणि झऱ्याने नवे पाणी येत राहते. पण मे महिन्यात झरा बारीक होतो आणि नेमके त्याच महिन्यात घर पाहुण्यांनी आणि वाडी पर्यटकांनी भरते.

पूर्वी घराला गोठा एका बाजूस, न्हाणीचे पाणी केळी-अळवाच्या बुंध्याशी आणि विहीर वाडीत, अशी रचना असे. केळी आणि अळू यांना नत्राची हाव फार. न्हाणीचे पाणी तिकडे सोडणाऱ्या बाईला रसायनशास्त्र येत नव्हते, पण तिने केले ते बरोबर होते. आता वाटण्या झाल्या, वाडीत दोन घरांची चार घरे झाली. घरोघर संडास आले ही फार मोठी सुधारणा झाली आणि ती विशेषतः आपल्या बायकांच्या अब्रूची सुधारणा आहे. पण खड्डा खणताना शेजाऱ्याची विहीर किती अंतरावर आहे, हे पाहिले गेलेच असे नाही. १९९७ साली दिवेआगरला सुवर्णगणेश सापडल्यापासून या किनाऱ्यावर पर्यटकांची रीघ वाढली, घरगुती खानावळी आणि खोल्या निघाल्या, चार पैसे हाती आले. प्रत्येक नव्या खोलीमागे एक टाकी जमिनीत गेली, तिचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही. तळ नसलेली टाकी म्हणजे नोनियाच्या मातीचा खड्डाच.

‘आता नळ आले, विहिरीचे पाणी पितो कोण’, असे काही जणी म्हणतील. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळले, सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले आणि कित्येक दिवस वीज नव्हती. पंप बंद, नळ कोरडे. त्या दिवसांत कोणाच्या विहिरीने कोणाला जगविले ते येथे सांगावयास नको.

शुद्ध पाणी कोणते, या प्रश्नावर आपल्या जिल्ह्याने फार मोठा झगडा पाहिलेला आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी ओंजळीने प्यायले. त्यानंतर तळे ‘बाटले’ म्हणून काही सनातन्यांनी ते शुद्ध करावयाचे ठरविले, आणि १०८ घागरी दूध, दही, शेण व गोमूत्र मंत्रोच्चारांसह पाण्यात ओतविले. माणसाच्या स्पर्शाने पाणी अशुद्ध होते आणि शेण-गोमूत्राने ते शुद्ध होते, असा तो समज होता. फ्रँकलंडच्या नळीत ते पाणी घातले असते तर तळ्याने काय साक्ष दिली असती ते आता वेगळे सांगण्याची गरज नाही. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि तळे सर्वांना खुले राहिले. महाडच्या त्या सत्याग्रहाचा अर्थ पाण्याच्या रसायनाहून कितीतरी मोठा आहे. पण पाण्याचे शुद्धाशुद्ध आपण कशावरून ठरवितो, एवढे विचारण्यापुरता तो येथेही उपयोगी पडतो.

ठरवावयाचे ते तपासून. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतात. तिने जंतू मरतात, नायट्रेटला काही होत नाही. पंचायतीला पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीवरून लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते, त्याची चौकशी आपण बायकांनी करावी. जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झाले, त्यात प्रत्येक गावातल्या पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचा संच हाताळावयास शिकविण्याची तरतूद आहे. त्या संचात नायट्रेटची तपासणीही असते. पाण्यात औषध टाकावयाचे आणि आलेला रंग तक्त्याशी जुळवून पाहावयाचा, एवढेच. लोणच्याचा खार बेताचा झाला की नाही हे जिला नजरेने कळते तिला हे अवघड जाऊ नये. शंका आली तर नमुना सरकारी प्रयोगशाळेत पाठवावा.

आकडा ४५ च्या वर गेला तर घाबरून जाऊ नये. मोठ्यांनी त्या विहिरीचे पाणी धुण्याभांड्यांना खुशाल वापरावे. गरोदर बाईला आणि वरच्या दुधावरच्या बाळाला मात्र ते देऊ नये, तपासलेल्या दुसऱ्या विहिरीचे किंवा नळाचे आणावे. ते जंतूंसाठी उकळावयाचे असेल तर एक उकळी आली की उतरावे, आटवीत बसू नये. आर. ओ.च्या यंत्राने नायट्रेट बरेच कमी होते, साध्या मेणबत्तीच्या गाळणीने होत नाही. आणि मग कारण शोधावे. उकिरडा, शेणखताचा खड्डा आणि शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट आणि उताराच्या खालच्या बाजूस असावा असे सर्वसाधारणपणे सांगतात. जांभ्यात आणि वाळूत त्याहून जितके दूर तितके चांगले. विहिरीला कठडा आणि भोवती चिरेबंदी ओटा असेल तर वरचे पाणी आत जात नाही. शेजाऱ्याचा खड्डा आपल्या विहिरीला लागत असेल तर ते भांडणावर न नेता सांगावयाचे कसे, हे मात्र कोणत्याही प्रयोगशाळेत शिकवीत नाहीत!

मंडळाने या वर्षी एक काम हाती घ्यावे, अशी माझी सूचना आहे. एक जाड वही करावी आणि तीत आपल्या आळ्यांतल्या पिण्याच्या प्रत्येक विहिरीला एक पान द्यावे. विहीर कोणाची, किती खोल, गोठा आणि संडास किती पावलांवर, हे वर लिहावे. त्याखाली वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात पाणी तळाला गेले असताना आणि एकदा पाऊस संपल्यावर दिवाळीच्या सुमारास, नायट्रेटचा आकडा आणि तारीख मांडावी. नमुन्याची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून घ्यावी, तोंडोतोंड भरावी, उन्हात ठेवू नये आणि त्याच दिवशी तपासावी. ज्या घरात बाळंतीण येणार असेल त्या घरच्या विहिरीचे पान आधी भरावे.